आवाज फुटतोय

१४ मार्च. ढगाळ. वारा अजिबात नाही, दाराचा पडदा स्थिर.

अकरा वाजता मुलाखत होती. आमच्या कार्यालयातल्या अभिलेख विभागाच्या प्रमुखपदासाठी, आणि तीही घरबसल्या, लॅपटॉपवर. पन्नाशीनंतर अर्ज चालत नाही आणि मला पुढच्या महिन्यात पन्नास पूर्ण होतात, म्हणजे ही शेवटची संधी. (आधीच्या चार संधींना या वहीत स्वतंत्र पान आहे.)

मेहुणा कॉम्प्युटर दुरुस्त करतो. त्याने सकाळीच फोनवर बजावलं, "भावजी, तुमचं नेट म्हणजे बारीक नळ. एका वेळी एकच बादली भरेल. आवाज की चित्र, काय ते ठरवा."

मी चित्र ठरवलं, कारण शर्टाला इस्त्री केली होती. (फक्त शर्टाला. खाली घरातलाच पायजमा.)

"अहो, तुम्हाला बोलायचंय की दिसायचंय?" सौ. म्हणाली. "तोंड बघून कुणी बढती देतं का?"

"तुझ्या मताची नोंद घेतली आहे," असं म्हणून मी चित्राचा दर्जा सगळ्यात वर नेऊन ठेवला.

अकरा वाजून दोन मिनिटांनी अध्यक्षबाई आणि दोन साहेब पडद्यावर उमटले. मी नमस्कार करून स्वतःची माहिती सांगायला घेतली. दोन वाक्यं झाली असतील, तर बाईंच्या कपाळाला आठ्या.

"तुमचा आवाज फुटतोय."

"क्षमा असावी," मी म्हणालो, शेजारचा पेला उचलला, मान मागे टाकली आणि सव्वा मिनिट गुळण्या केल्या. (एरवी पाऊण मिनिट पुरतं, पण प्रसंग मोठा होता.) थुंकायला जागा नव्हती म्हणून गिळून टाकलं.

"अहो, घसा नाही, नेट!" एक साहेब ओरडले. "चित्र मात्र लख्ख आहे हं. पडजीभसुद्धा दिसली."

मी घाईने माइक शेवटपर्यंत वाढवला. आवाज आणखीच फुटला.

"ते चित्र बंद करा आणि नुसतं बोला," बाई म्हणाल्या.

केलं बंद, इस्त्रीसकट.

"आता कसं! शेजारी बसल्यासारखं ऐकू येतंय. बरं, सांगा, हरवलेली फाइल तुम्ही कशी शोधाल?"

"पद्धतशीर," मी ठामपणे म्हणालो.

तेवढ्यात स्वयंपाकघरात सौ. फोनवर तिच्या बहिणीला सांगू लागली, "हे काय शोधणार, कप्पाळ! अगं, काल चष्मा कपाळावर ठेवून तासभर घर पालथं घातलं. मी म्हटलं, वर बघा. तर छताकडे बघत बसले!"

नळाचं सगळं पाणी आता आवाजाच्या बादलीत पडत होतं. पलीकडे तिघंही हसले. तेही मला फार स्वच्छ ऐकू आलं.

"त्या कोण?" बाईंनी विचारलं.

"आमची... घरची मंडळी."

"बोलवा पाहू त्यांना."

सौ. हात पुसत आली. "ताई, तुमच्या घरात वस्तू सापडतात कशा?" बाईंनी विचारलं.

"त्यात काय मोठंसं? रोज लागतं ते हाताशी, महिन्याला लागतं ते खालच्या फळीवर, वर्षातून एकदा लागतं ते माळ्यावर. आणि डब्यावर जे लिहिलंय तेच आत. कुणीही शोधलं तरी सापडलं पाहिजे." ती जरा थांबली. "अगदी यांनी शोधलं तरी."

पलीकडून कागदावर पेन चालल्याचा आवाज आला.

"आणखी सांगा," बाई म्हणाल्या. सौ. माझ्या खुर्चीत बसली. मी चहा टाकायला गेलो. साखर पहिल्या फटक्यात सापडली.

दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी पत्र आलं. प्रमुखपदासाठी माझी निवड झालेली नाही. येत्या सोमवारी मुख्य कार्यालयात 'नोंदींची मांडणी' या विषयावर सौ.चं व्याख्यान ठेवलं आहे. ज्यांना हजेरी सक्तीची आहे त्या कर्मचाऱ्यांची यादी सोबत जोडली आहे. माझं नाव पहिलं.