उद्घाटनाचं प्यादं

एका जंगलात, मुलांनो, वाघापेक्षा एका घोरपडीचा दरारा जास्त होता. खोटं वाटतं? मग बसा तिच्यासमोर बुद्धिबळाच्या पटावर.

त्यांचं नाव चिकाबाई. पटावरचं एखादं घर धरलं की सोडायच्या नाहीत. वीस वर्षं त्या या एका दिवसाची वाट बघत होत्या. नदीपलीकडच्या बगळ्याला हरवलं की त्या चारही जंगलांच्या विजेत्या होणार होत्या. डाव एकच. पुन्हा संधी मिळावी एवढं आता वय उरलं नव्हतं.

त्या जंगलाची एक रीत होती. पांढऱ्याची पहिली चाल प्रमुख पाहुण्यांनी करायची. पाहुणे गेले की खेळाडू ते प्यादं गुपचूप मागे घेत. चिकाबाईंनी तरुणपणी एकदा पाहुण्यांच्या देखतच मागे घेतलं. पाहुणे रुसले. पुढची तीन वर्षं स्पर्धाच झाली नाही. तेव्हापासून पाहुण्यांपुढे बाईंचं तोंड उघडत नसे.

यंदाचे पाहुणे होते क्रीडामंत्री रानगवा आबासाहेब. ते दोन तास उशिरा आले, सव्वा तास बोलले आणि मग पटाशी आले. बाईंच्या राजाशेजारच्या उंटापुढचं प्यादं त्यांनी एक घर सरकवलं. टाळ्या झाल्या.

बगळा परका. त्याला इथली रीत काय ठाऊक? त्यानं आपल्या राजापुढचं प्यादं पुढे केलं.

"साहेब, फोटो हलला! परत एकदा!" फोटो काढणारं माकड ओरडलं.

आबासाहेब खूश. त्यांनी शेजारचं, घोड्यापुढचं प्यादं उचललं आणि चांगलं दोन घरं पुढे ठेवलं.

चिकाबाई अर्धवट उठल्या. "साहेब, अहो, ते प्यादं..."

"बसा हो बाई!" चिटणीस कोल्हा कानाशी कुजबुजला. "साहेबांना पुढे पाणवठ्याचं उद्घाटन आहे. दोन मिनिटांत जातील. मग घ्या की मागे."

वीस वर्षं थांबले, आता दोन मिनिटांनी काय होतंय, असं म्हणून बाई बसल्या.

बगळ्यानं वजीर तिरका नेला. "शह आणि मात," तो म्हणाला आणि स्वतःच ओशाळला.

बाईंनी पट पाहिला. राजाला जायला एकही घर नव्हतं. एकाही सोंगटीला हात न लावता त्या हरल्या होत्या. त्यांना रडू आवरेना.

पंच घुबडानं आबासाहेबांकडे पाहिलं, त्यांच्या शिंगांकडे पाहिलं आणि निकाल कायम केला.

"खेळात हारजीत चालायचीच," आबासाहेब बाईंना म्हणाले. "सुरुवात तर मी झकास करून दिली होती. पुढे तुम्ही जरा लक्ष द्यायला हवं होतं!"

मग सामना इतका झटपट पार पाडल्याबद्दल आबासाहेबांचा सत्कार झाला. हार बाईंच्या हस्ते घालण्यात आला.

तात्पर्य: मुलांनो, जिंकायचं असेल तर बुद्धिबळ शिका. कधीच हरायचं नसेल तर प्रमुख पाहुणे व्हा.