आर्विडचा तक्ता आणि तीस अँपिअर

व्हर्नाच्या डोक्यावर शाम्पूचा फेस दाटून आला होता, डोळे गच्च मिटलेले, आणि फवाऱ्याखाली मान नेऊन ती पाण्याची वाट

पंप थांबला. दिवा गेला, पंखा गेला. वाक्यही तिथंच राहिलं.

"आर्विड!"

"ब्रेकर पडलाय," पलंगावरून तिच्या नवऱ्याचा आवाज आला. आवाजात काळजीपेक्षा उत्साहच जास्त होता.

आर्विडनं तीस वर्षं टपाल कचेरीत पत्रं खणाखणांत लावली. निवृत्त झाल्यावर मोटारघर घेतलं आणि पत्रांच्या जागी वायरी आल्या. बॅटरीतून निघणाऱ्या प्रत्येक वायरीला तिच्या मापाचा, वीज जास्त वाहिली की ती तोडणारा फ्यूज किंवा ब्रेकर, त्यावर चिठ्ठी. सगळ्यांचा मिळून एक तक्ता त्यानं सोमवारी पलंगाच्या उशाशी भिंतीवर स्क्रूनं पक्का केला. पहिला नियम ठळक अक्षरांत: 'फ्यूज वायर बघून निवडावा, गरज बघून नाही.' ॲरिझोनाच्या त्या वाळवंटात हिवाळा काढायला येणारी सगळी म्हातारी मंडळी त्याला मास्तर म्हणत.

त्यानं बाहेरून बॅटरीच्या कप्प्याची झडप उघडली, ब्रेकरचं बटण दाबलं. पंप घुरघुरला. मग ही वायर कुठे कुठे जाते ते तक्त्यात बघायला तो आत आला, पलंगावर टेकला, चष्मा नाकावर चढवला आणि बोटानं ओळ

पुन्हा सगळं गेलं.

"सोमवारपासून हे चौथ्यांदा," व्हर्ना झगा गुंडाळून फेसासकट बाहेर आली. "अजून एकदा पाणी गेलं ना, तर मी डुलुथला बहिणीकडे चालले. तिथे गुडघाभर बर्फ असेल, पण नळाला पाणी असतं. आणि हे डबडं विकायचं."

ती हे चिडून बोलली असती तर आर्विडला धीर वाटला असता. ती शांतपणे बोलली.

त्या वाळवंटात कुणी कुणाचं दार वाजवत नाही. पण एखाद्यानं झडप उघडली, की पाच मिनिटांत घडीच्या खुर्च्या आणि आपापले कॉफीचे मग घेऊन पुरुषमंडळी हजर. बोलावणं लागत नाही. ड्वेन आला. कॅनडात त्याची गव्हाची शेती होती. खाणीत उमेदीची वर्षं घालवलेला क्लाइडही आला.

"बॅटरी म्हातारी झाली," ड्वेन बसता बसता म्हणाला.

"म्हातारा तू झालास. ब्रेकर उन्हानं ढिला पडलाय," क्लाइडनं खिशात हात घातला. "हा घे पन्नास अँपिअरचा. तीसचा काढ, हा ठोक, आणि विसरून जा."

आर्विडनं पन्नासचा ब्रेकर हातात घेतला. एरवी त्यानं क्लाइडला तासभर सुनावलं असतं. आता डोळ्यांपुढे डुलुथचा बर्फ होता. "तात्पुरता..." तो पुटपुटला.

"मास्तर, पहिला नियम काय?" फेसाखालून व्हर्नानं विचारलं.

"तो... बघून सांगतो."

तो आत गेला. व्हर्नानं कप्प्यातलं बटण दाबलं, उघड्या दारातून पंखा फिरताना दिसला. आर्विड पलंगावर

"थांब!" व्हर्ना ओरडली. पंखा थांबलाच होता. "आर्विड, ऊठ." तिनं बटण दाबलं. पंखा सुरू. "आता बस."

बंद.

"ऊठ."

खुर्च्या दाराजवळ सरकल्या. "वजनानं पडतोय की काय?" ड्वेन म्हणाला.

व्हर्नानं पुन्हा बटण दाबलं. "तू बस बरं. पायथ्याशी."

ड्वेन बसला. पंखा फिरत राहिला.

"आता उशाशी."

बंद. ड्वेन चटका बसल्यासारखा उठला.

"आता ब्रेकर पडलेलाच राहू दे," असं म्हणून व्हर्नानं गादी ओढली आणि तक्त्याखालच्या फळीवर तळहात टेकवला. फळी कोमट होती. तिनं पेचकस मागितला. तक्त्याचे तीन स्क्रू आखूड निघाले. चौथा निघतच राहिला, निघतच राहिला. त्याचं टोक काळं पडलेलं होतं.

"चौथा आखूड सापडेना," आर्विड आपल्या बुटांना म्हणाला.

फळीमागे वायर होती. उशाशी कुणी टेकलं की फळी दबायची, वायर स्क्रूच्या टोकावर घासायची, आणि स्क्रू गाडीच्या लोखंडी सांगाड्यातून आरपार गेलेला, म्हणजे थेट शॉर्टसर्किट. दरवेळी तीसचा ब्रेकर बिचारा आपलं काम चोख करत होता.

"पन्नासचा असता तर?" व्हर्नानं विचारलं.

"तो थोडा जास्त वेळ थांबला असता," आर्विड हळूच म्हणाला. "तेवढ्यात वायर तापली असती. आपल्या उशाशी."

क्लाइडनं पन्नासचा ब्रेकर त्याच्या हातातून काढून गुपचूप खिशात टाकला.

वायर बदलेपर्यंत व्हर्नाच्या डोक्यावरचा फेस वाळून पापड झाला होता. तिनं डोकं दोनदा धुतलं. पाणी शेवटपर्यंत आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी क्लाइडची झडप उघडी दिसली. आर्विडनं खुर्ची काखोटीला मारली, तोच क्लाइड स्वतः दारात.

"व्हर्ना आहे का? माझा फ्रीजचा फ्यूज उडतोय."

व्हर्ना हात पुसत बाहेर आली. आर्विडचा टेस्टर तिच्या खिशात होता.

"आणि डुलुथ?" आर्विडनं विचारलं.

"मार्चनंतर बघू. आत्ता कामं आहेत." खुर्चीही त्याच्या काखेतून घेऊन ती निघाली, आणि चार पावलांवरून वळून म्हणाली, "मी येईपर्यंत कुठे बसू नकोस."

पलंगाला आता काहीच होणार नव्हतं. तरी आर्विड उभ्यानंच कॉफी प्यायला.