मे महिन्यातला नाताळ

मे महिन्याच्या तिसऱ्या रविवारी, दुपारी बाराच्या ठोक्याला, आमच्या शेजारचे खंडारे गार्डसाहेब लोकरीचा स्वेटर घालून घराच्या पायरीवर उभे राहतात आणि शिट्टी वाजवतात. स्वेटर पूर्ण बाह्यांचा, वरची गुंडीसुद्धा लावलेली. ज्यांनी बडनेऱ्याचा मे महिना पाहिला नाही त्यांना यातली गंमत कळायची नाही. त्या दिवसांत आमच्याकडे दुपारी कुत्रीसुद्धा नालीतून उठत नाहीत आणि कूलर गरम हवा फेकून नुसती हजेरी लावतो. अशा उन्हात गार्डसाहेब दारावर कागदी तारा टांगतात आणि कुंपणावरून मला हाक मारतात, "इंगळेबाबू, या लवकर. नाताळ प्लॅटफार्मले लागला."

मी मूळचा अकोल्याचा. सात वर्षांपूर्वी अमरावतीच्या कचेरीत बदली झाली आणि बडनेऱ्यात यांच्या शेजारी घर मिळालं. पहिल्याच मे महिन्यात काकाजी नाताळचं आमंत्रण घेऊन दारात उभे राहिले. काकाजी म्हणजे हेच गार्डसाहेब. सगळी गल्ली त्यांना गार्डसाहेब म्हणते, आम्ही नवराबायको काकाजी म्हणतो. आमंत्रण ऐकून वैशालीनं त्यांना आधी माठातलं पाणी दिलं, मग पंख्याखाली बसवलं. ऊन लागलं असावं असा तिचा प्रामाणिक समज होता. पण संध्याकाळी त्यांच्याकडून खरोखरच करंज्या, चिवडा आणि केकचं ताट आलं. तेव्हापासून आमच्या बुद्धपौर्णिमेची खीर आणि त्यांच्या नाताळच्या करंज्या यांची कुंपणावरून अदलाबदल होते, बहुतेक वेळा एकाच पंधरवड्यात.

रेल्वेतून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली, पण गार्डाचा डबा अजून त्यांच्या मागे लागलेलाच आहे. वैशाली स्कूटरवर निघाली की ते फाटकात येतात, रस्त्याच्या दोन्ही बाजू पाहतात आणि खिशातला हिरवा रुमाल हलवतात. तो हलेपर्यंत तिनं निघायचं नाही. आमच्या कुकरच्या शिट्ट्यांवर त्यांचं बारीक लक्ष असतं. "तुमची तिसरी शिट्टी आज सात मिनिट लेट होती," असं ते मला कुंपणावरून सांगतात. मी डाळ जुनी होती, एवढंच सांगतो. त्यावर ते समजूतदारपणे मान हलवतात. कारण पटलं तर त्यांना उशीर चालतो.

त्यांच्या दृष्टीनं जगात दोनच प्रकारची माणसं आहेत, राइट टाइम आणि लेट. मी माझा वर्ग त्यांना कधी विचारला नाही.

मे महिन्यातल्या नाताळावर चर्चमध्येही एकदा कुजबुज झाली होती म्हणे. कोणीतरी पाळकसाहेबांच्या कानावर घातलं. पाळकसाहेब समजावायला घरी आले. काकाजींनी त्यांना शांतपणे विचारलं, शास्त्रात पंचवीस डिसेंबर कुठं लिहिलं आहे ते दाखवा. पाळकसाहेबांनी दोन करंज्या खाल्ल्या, ताऱ्याचं कौतुक केलं आणि परत गेले. डिसेंबरचा नाताळही काकाजी पाळतात, त्यात कसूर नाही. पांढरा शर्ट घालून उपासनेला जातात, घरी येऊन वरणभात खातात आणि झोपतात. पण तारा, फराळ आणि फोटो हे सगळं मे महिन्यात.

त्यातही फोटो मुख्य. मुलगा अभय आणि सून पुण्याहून येतात, मुलगी रूथ नागपूरहून तिची मुलगी साराला घेऊन येते. प्रत्येकाचा स्वेटर ठरलेला आहे. अंग हिरवं, गळा आणि बाह्यांच्या कडा लाल. काकाजींच्या बायकोनं, मार्थाबाईंनी, ते एकटीनं विणलेले. त्या मी पाहिल्या नाहीत. आम्ही राहायला आलो त्याच्या कितीतरी आधी त्या गेल्या. साराचा स्वेटर तिच्या पहिल्या वर्षाचा होता. आता ती चौदाची आहे, म्हणून तो खांद्यावर टॉवेलासारखा टाकते.

काकाजी आदल्या संध्याकाळी पायरीवर खडूनं चौकोन आखतात. कोण कुठं उभं राहायचं ते ठरलेलं. इंजिन पुढं, म्हणजे अभय; मग सून, रूथ, सारा; आणि सगळ्यात शेवटी गार्ड. गार्डाची जागा गाडीच्या शेपटाला, ती सोडता येत नाही. त्यांच्याही पलीकडे एक लाकडी खुर्ची असते. तिच्या पाठीवर ते हात ठेवतात. मला वाटायचं, वय झालं, आधार लागत असेल.

फोटो काढायचं काम पहिल्याच वर्षी माझ्या गळ्यात पडलं. तिसऱ्या वर्षी मी जरा शहाणपणा केला. ती रिकामी खुर्ची फोटोत उगाच जागा खाते असं मला वाटलं, म्हणून मी ती उचलून तुळशी वृंदावनासारख्या त्यांच्या जाईच्या कुंडीमागे ठेवली. काकाजींनी ताबडतोब शिट्टी वाजवली. सगळे थांबले. मग ते स्वतः उतरले, खुर्ची आणली, चौकोनात बरोबर बसवली आणि मला म्हणाले, "बाबू, गाडीपासून डबा काटाचा असन तर गार्डाले विचारा लागते." त्यानंतर मी त्या खुर्चीला हात लावला नाही.

गेल्या वर्षीच्या मे महिन्यात मात्र गोष्ट हाताबाहेर गेली. सून चष्मा शोधायला आत गेली, अभयचा फोन वाजला, आणि या भानगडीत उन्हात वीस मिनिटं गेली. सारा उभ्या उभ्या चक्कर येऊन खाली बसली. लिंबूसरबत, ओला रुमाल, कूलर, सगळं झालं आणि पोरगी अर्ध्या तासात हसायलाही लागली. पण काकाजींचा चेहरा उतरला तो उतरलाच. संध्याकाळी त्यांनी तारा स्वतः काढला. एरवी तो आठ दिवस राहतो.

यंदा मार्चमध्ये रूथचा मला फोन आला. आवाजात काळजी होती आणि थोडी शरमही. ती म्हणाली, "दादा, तुमी बाबांले सांगून पाहा. आई लय आजारी होती, डॉक्टर म्हणे डिसेंबरपर्यंत काई सांगता येत नाही, म्हणून आमी त्या वर्षी मेमध्येच नाताळ केला. ते तेव्हाचं होतं. आता किती वर्षं तेच धरून बसायचं? सगळे डिसेंबरात सुट्टी काढतो म्हणतात." त्यांचा हट्ट कसा मोडायचा हे तिला कळत नव्हतं, आणि साराला पुन्हा त्या उन्हात उभी करायची तिची हिंमत नव्हती. तिचं काही चुकत होतं असं मला वाटलं नाही.

मी धीर करून बोललो. दोन तास वाद होईल अशी तयारी ठेवली होती. काकाजींनी सगळं ऐकून घेतलं, साराची तब्येत विचारली आणि म्हणाले, "बरोबर आहे पोरीचं. करून टाका डिसेंबर. टाइमटेबल बदलते कधी कधी." एवढंच. मी घरी येऊन वैशालीला सांगितलं, की सुटलो बाई. आपण फार हुशारीनं बोललो असंही मला वाटलं, ते कशाला लपवू.

मेचा तिसरा रविवार आला. घरात आम्ही जेवायला बसणार, एवढ्यात बाराच्या ठोक्याला शिट्टी वाजली.

मी तसाच अनवाणी बाहेर गेलो आणि पाय भाजून परत चपला घालायला आलो. पुन्हा गेलो तेव्हा काकाजी पायरीवर उभे होते. अंगात हिरवा स्वेटर, वरची गुंडी लावलेली. पायरीवर खडूचे दोनच चौकोन होते, शेवटचे. एकात ते, एकात खुर्ची. कपाळावरून घाम गळत होता आणि ते तो पुसतही नव्हते.

"काढा फोटो, बाबू," ते म्हणाले. "पोराईले नका सांगू. थ्यांचा डिसेंबरात होईनच."

मी फोटो काढला. मग त्यांना जबरदस्तीनं आत नेलं आणि कूलर लावला. तरी ते स्वेटर काढेनात. भिंतीवर फोटोंची रांग होती, ती मी सात वर्षं पाहत होतो, पण कधी नीट पाहिली नव्हती. काकाजींनी मला उठवलं आणि एकेका फोटोपुढे उभं केलं. जुन्या सगळ्या फोटोंत मार्थाबाई होत्या, दोन पोरं होती आणि शेजारी तीच लाकडी खुर्ची. खुर्चीवर एक हिरवी झेंडी गुंडाळून ठेवलेली. नव्या सगळ्या फोटोंत काकाजी होते आणि खुर्ची रिकामी.

"चौतीस वर्षं नोकरी केली," ते म्हणाले. "दर नाताळले मी गाडीवर. ती दर वर्षी म्हणे, एक अर्ज टाका ना जी रजेचा. मी म्हणो, योसेफ आन् मरियाबी थ्या रात्री प्रवासातच होते, मी कोन मोठा लागून गेलो? लय हुशारीचं बोलणं वाटे मले ते. ती हासे आन् खुर्चीवर माही झेंडी ठेवे."

मी विचारलं, रजा मिळत नव्हती का.

"मिळाली असती," ते म्हणाले. "अर्जच केला नाही कधी."

मग त्यांनी मधल्या एका फोटोवर बोट ठेवलं. सगळ्यांच्या अंगात नवे कोरे हिरवे स्वेटर, रूथच्या कडेवर सारा. खुर्चीत मार्थाबाई बसलेल्या, डोक्याला रुमाल बांधलेला, खूप बारीक झालेल्या, आणि उन्हानं डोळे मिटून हसत होत्या. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून शेजारी काकाजी.

"दोघं एका नाताळात हावो, असा हा एकच," ते म्हणाले. "औषध घेतल्यावर बारा वाजताच तिले जरा बरं वाटे. म्हणून बारा."

मला माझ्या मार्चमधल्या हुशारीची लाज वाटली. मी तसं बोलून दाखवलं, तेव्हा त्यांनी हात झटकला आणि साराची चक्कर काय कमी होती का, असं उलट मलाच समजावलं. वैशालीनं ताट पाठवलं. ते जेवले, आणि जेवताना भातात मीठ जास्त झाल्याचंही सांगितलं. मला बरं वाटलं.

डिसेंबरात ठरल्याप्रमाणे सगळे आले. यंदा आमच्याकडे थंडी कडक पडली होती. उपासनेहून मंडळी परतली, तारा लागला, आणि पायरीवर पाचही जण हिरवेगार होऊन उभे राहणार असं सगळ्यांना वाटत होतं. मुलांनी हौसेनं स्वेटर घातले होते. अभय तर म्हणाला, की इतक्या वर्षांत पहिल्यांदा हा स्वेटर अंगाला सुखाचा वाटतो आहे. साराला मामीनं त्याच रंगांचा नवा स्वेटर विणून आणला होता. तीच ती सून, चष्मा हरवणारी. विणकाम इतकं सरळ होतं, की काकाजींनी ते उलटून पाहून राइट टाइम असा शेरा दिला.

आणि स्वतः काकाजी पांढऱ्या शर्टावर बाहेर आले. उघड्या अंगणात गार वारा सुटला होता. ते शेवटच्या चौकोनात उभे राहिले, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला आणि कुडकुडायला लागले.

अभय म्हणाला, "बाबा, तुमचा स्वेटर?"

"थो उन्हाळ्याचा आहे," काकाजी म्हणाले.

अभय मोठ्यानं हसला, सूनही हसली. बाबांचं हे नेहमीचंच, असं तो मला म्हणाला. रूथ हसली नाही. तिनं एकदा खुर्चीकडे पाहिलं, मग बापाकडे. मग ती आपल्या चौकोनातून बाहेर आली, अंगावरची शाल काढून त्यांच्या खांद्यावर टाकली आणि म्हणाली, "मेमध्ये मी येईन, बाबा. एकटीच येईन. साराले आनत नाही."

चौकोन सोडल्याबद्दल काकाजी तिला काही बोलले नाहीत. त्यांनी खिशातून शिट्टी काढली, ओठांपर्यंत नेली, पण ती वाजवायला त्यांना जरा वेळ लागला. मी दोन पावलं मागे सरकलो आणि खुर्ची पूर्ण येते आहे ना, ते पाहिलं. फोटो बारा वाजून चार मिनिटांनी निघाला. या उशिराचं कारण त्यांनी कोणालाच विचारलं नाही.