उंदरांचे नाकेदार

वर्ध्याला लागून असलेल्या आमच्या सिंदी मेघेत माणूस कुठूनही येतो, कुठंही जातो. त्याला कोणी विचारत नाही. उंदराला मात्र आमच्या गल्लीतून बाहेर न्यायचं असेल, तर भोयर काकाजींची परवानगी लागते. ती आजवर कोणालाच मिळालेली नाही.

काकाजींची सारी नोकरी जंगलखात्याच्या नाक्यावर गेली. सागवानाचा ट्रक आला की बांबू आडवा टाकायचा आणि विचारायचं, "माल कुठचा, चालला कुठं, पास दाखव." निवृत्त झाले तरी बांबू काही सुटला नाही. गल्लीच्या तोंडाशी प्लास्टिकची खुर्ची टाकून बसतात आणि ज्याच्या हातात झाकलेली पिशवी दिसेल त्याला अडवतात. एकदा माझ्या बायकोची भाजीची पिशवीही तपासली. "माफ कर सूनबाई," म्हणाले, "मेथी हलली म्हणून इचारलं."

याला कारण आमचंच धोरण. गणपतीचं वाहन म्हणून आमच्याकडे उंदीर कोणी मारत नाही. पिंजऱ्यात धरायचा, पिशवीत झाकायचा आणि दुसऱ्यांच्या गल्लीत नेऊन सोडायचा. दुसऱ्या गल्लीतली माणसंही तितकीच धार्मिक असल्यामुळे त्यांचे उंदीर आमच्याकडे येत. हे काकाजींनी शोधून काढलं ते नेलपॉलिशनं. नाका बसवण्याआधी ते घरोघर जाऊन, पिंजऱ्याच्या तारांतून ब्रश घालून धरलेल्या उंदराच्या शेपटीला गुलाबी ठिपका लावत. किराणावाल्या गुप्ताजींनी रेल्वे लाइनीपलीकडे सोडलेला उंदीर आठवड्याभरात त्यांच्याच तांदळाच्या पोत्यात निघाला, शेपटी गुलाबी. एकट्या राहणाऱ्या सत्तरीच्या माणसाकडे गुलाबी नेलपॉलिश आलं कुठून, हे विचारायचं कोणाला सुचलं नाही. हसण्यातून सवड नव्हती.

"हा रानातला उंदीर हाय बाप्पा," काकाजी सांगत. "त्याच्यासंगं त्याच्या अंगावरचे बारके किडे बी गावभर फिरून राह्यले. ते चावले का ताप. काऊन फिरवता त्याले?"

"मग धरून करायचं काय, काकाजी?"

"धरूच नका. गवत कापा, धान्य झाका, खरकटं फेकू नका. तो आपल्या पायानं जाते."

गवत कापणं सोडून आम्ही बाकी काहीही करायला तयार होतो.

त्यांनी अर्जही केले. एका कार्यालयानं कळवलं की घरातला उंदीर आमच्याकडे, शेतातला शेतीवाल्यांकडे आणि रानातला जंगलवाल्यांकडे. सदर उंदीर नेमका कोणता, याचा खुलासा उंदरासह समक्ष हजर राहून करावा. काकाजी गेले नाहीत. "पासाबिगर नेऊ कसा त्याले?" म्हणाले. ते प्रकरण तिथंच राहिलं.

मी शाळेत भूगोल शिकवतो, त्यामुळे हद्द ओलांडण्याचा आत्मविश्वास मला जरा जास्तच. चतुर्थीला केळझरच्या गणपतीला निघालो. डिक्कीत पिंजरा, त्यावर हार, दुर्वा, नारळ. काकाजींनी डिक्की उघडायला लावली, हार पाहिला, हात जोडले आणि बांबू उचलला. केळझरला पोचल्यावर रस्त्याकडेच्या गुडघाभर गवतात शिरून मी उंदीर सोडला. "बाप्पाचं वाहन बाप्पाला परत," असं म्हणून नमस्कारही केला. परत येताना नाकेदाराला फसवल्याच्या आनंदात मी शीळ वाजवत होतो.

दहाएक दिवसांनी ताप भरला. गोळी घेतली की उतरे, पुन्हा चढे. चौथ्या दिवशी मी बरळायला लागलो, तेव्हा बायकोनं घाबरून काकाजींना हाक मारली. ते आले आणि कपाळाला हात लावायचा सोडून चादर वर करून माझे पाय बघू लागले. गुडघ्यामागं एक काळी खपली होती, बिडीचा चटका बसावा तशी. दुखत नव्हती, म्हणून मला तिचा पत्ताच नव्हता.

"माल कुठं सोडला?"

"केळझरले," मी म्हणालो. तापात खोटं बोलता येत नाही.

मला वाटलं, आता बांबू. पण ते बायकोकडे वळले. "सूनबाई, ऑटो बोलाव. आत्ताच्या आत्ता." दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तोंड उघडायच्या आत ते म्हणाले, "बाई, ताप मंग पाहा. आंधी हे पाहा." किडा चावल्याचीच खूण आहे, वेळेत आणलंत, असं बाई म्हणाल्या. त्यांनी दिलेल्या साध्या गोळ्यांनी मी आठवड्यात उठून बसलो.

बरा झाल्यावर त्यांच्या घरी गेलो. माफी मागायची होती; पण तोंडातून निघालं ते एवढंच, "काकाजी, तुमाले समजलं कसं?"

काकाजी बांबूची गाठ चोळू लागले. "सुमनच्या पोटरीवर असाच डाग होता," म्हणाले. सुमनकाकू म्हणजे त्यांची बायको. आम्ही इथं राहायला येण्याआधीच त्या तापानं गेल्या, एवढंच मला ठाऊक होतं. "मले वाटलं, कढईतलं तेल उडालं. दवाखान्यात बी कोणाले दाखवलं नाई म्या. किड्याचा चावा होता, हे समजलं ती गेल्यावर. तिले उंदीर मारलेला चालत नव्हता. म्या धरून मांगच्या गवतात सोडत गेलो. अन् तेच गवत ती रोज गाईसाठी कापे."

मग म्हणाले, "जलमभर लोकायचे पास पाह्यले. घरचा माल म्याच बिनपासाचा सोडला."

मला फार लाज वाटली. मी इकडेतिकडे पाहू लागलो. खिडकीत ती नेलपॉलिशची बाटली उलटी उभी करून ठेवली होती, तळाचा रंग झाकणाकडे उतरावा म्हणून.

"संपत आली की, काकाजी. मी नवी आणून देतो."

"नको. तिची हाय ते. अर्धी राह्यलती, तुमच्या उंदरायच्या ठिपक्यायनं सरत आली." त्यांनी बाटली उचलली, झाकण पिळून घट्ट केलं आणि पुन्हा तशीच उलटी ठेवली. "म्हणून तं सांगून राह्यलो ना भाऊ, उंदीर धरू नका."