बारा वर्षांच्या चीजचा जबाब

चीज बारा वर्षांचं झालं की बोलायला लागतं, आणि ते अजून खाण्याजोगं आहे की नाही, हे मग नगरपालिकेला त्यालाच विचारावं लागतं. पाचगणीच्या हेमलताबाई पोळांचं चीज नऊ फेब्रुवारीला बोललं. बाईंनी रोजच्यासारखं फडकं बाजूला करून "काय, कसं काय?" म्हटलं, आणि आतून "ठीक आहे" असं उत्तर आलं. बाईंनी चहासुद्धा न घेता तपासणीचा अर्ज भरला.

बाई तिथल्याच एका निवासी शाळेत गृहविज्ञान शिकवायच्या. निवृत्त झाल्यावर त्यांनी चीज करायला घेतलं. पहिली अकरा बिघडली. एक फुटलं, एकात अळ्या झाल्या, एक मांजरानं हुंगून तसंच सोडलं. हे बारावं तेवढं टिकलं. मुरणारं चीज जागचं हलवू नये, असं त्यांनी कुठल्याशा जुन्या वहीत लिहून ठेवलं होतं, म्हणून कोठीघरातल्या फळीवर ते पाठ भिंतीला लावून जे बसलं ते बसलं. बाई रोज त्याचा फक्त दर्शनी भाग पुसायच्या.

त्यांचे यजमान सुधाकरराव निवृत्त पोस्टमास्तर. वाढलं की जेवायचं आणि जेवलं की उठायचं, एवढाच त्यांचा स्वयंपाकाशी संबंध. चाळीस वर्षांच्या संसारात बायकोच्या हातच्या एकाही पदार्थाला त्यांनी 'चांगलं झालंय' म्हटलेलं नव्हतं. चीजबद्दल मात्र त्यांचं ठाम मत होतं. "विष आहे ते. फेकून दे," ते म्हणायचे, आणि जानेवारीपासून तर दिवसातून दोनदा म्हणायला लागले होते. पण बाईंनीही मनाशी धरलं होतं. एकदा सरकारी शिक्का बसला की हा माणूस ते खाईल, आणि खाल्लं की एक चांगला शब्द बोलेल. तेवढा एक शब्द त्यांना मरायच्या आधी ऐकायचा होता. शिक्का नाही बसला, तर नियमाप्रमाणे चीज त्याच दिवशी पालिकेच्या खड्ड्यात पुरलं जाणार होतं.

गुरुवारी निरीक्षक रेहाना अत्तार आल्या. त्यांनी ताणकाटा, वही आणि शिक्का टेबलावर मांडला आणि चीजला शपथ दिली.

"बाईंचं मीठ खाल्लंय," चीज म्हणालं. "त्या मिठाला जागून खरं तेच सांगेन."

"वास?"

"उग्र आहे. पण माझाच आहे."

"बुरशी?"

"वरवर. आत नाही."

"तुम्हाला खाल्लं तर माणसाला काही अपाय होईल?"

"ते मी कसं सांगू? मी स्वतःला खाल्लेलं नाही."

अत्तारबाईंनी मान डोलावली. असा सरळ जबाब त्यांना फार दिवसांनी मिळाला होता. "पण काकू, चीजच्या एकट्याच्या शब्दावर दाखला देता येत नाही," त्या म्हणाल्या. "हेच चीज खाऊन निदान महिनाभर जिवंत राहिलेला एक माणूस हजर करावा लागतो."

"आणि दाखल्याआधी ते कुणी खायचं नाही," बाई म्हणाल्या.

"अर्थात."

"मग असा माणूस आणायचा कुठून?"

"बहुतेकांना नाही आणता येत," अत्तारबाई हळहळून म्हणाल्या. "म्हणून तर खड्डा मोठा खणलाय."

हेमलताबाईंचे डोळे भरून आले. त्यांनी ते पदरानं टिपले आणि चीज ज्यात न्यायचं ती पिशवी शोधायला लागल्या.

"मी म्हणतच होतो," सुधाकरराव दारातून घाईघाईनं म्हणाले. "न्या आणि पुरा. वजनबिजन करत बसू नका."

पण अत्तारबाई कामाला चोख. त्यांनी चीज काट्याला लावलं. अर्जात चार किलो लिहिलेलं होतं, आणि भरलं दीड.

"वाळलं असेल," सुधाकरराव म्हणाले.

"वाळलं की चारी बाजूंनी आक्रसतं, काका." अत्तारबाईंनी चीज फिरवलं. मागून ते पार पोखरलेलं होतं. पुढची बाजू तेवढी शाबूत होती.

"उंदीर," सुधाकरराव म्हणाले.

"उंदरांकडे सुरी नसते." त्यांनी चीजकडे पाहिलं. "तुम्हाला कुणी खाल्लं?"

सांगणं चीजच्या जिवावर आलं होतं. पण शपथ ती शपथ. "मास्तरांनी," ते म्हणालं. "अकरा वर्षं झाली. बाई महिला मंडळात गेल्या की यायचे. सुरुवातीला नखाएवढं घ्यायचे. नंतर पोळी आणायला लागले."

हेमलताबाई नवऱ्याकडे बघत राहिल्या. सुधाकरराव खिडकीबाहेर बघत राहिले.

"खाताना काही बोलायचे का?" बाईंनी चीजला विचारलं.

अत्तारबाई म्हणाल्या, हा प्रश्न जबाबाच्या छापील नमुन्यात नाही. मग त्याही उत्तरासाठी थांबल्या.

"बोलायचे नाहीत," चीज म्हणालं. "बोटं चाटायचे."

अत्तारबाईंनी सुधाकररावांची नाडी पाहिली, जीभ पाहिली, आणि 'खाणारा हयात, प्रकृती उत्तम' अशी नोंद करून दाखल्यावर शिक्का मारला.

"मग फेकून दे, फेकून दे, हे काय चाललं होतं अहो?" बाईंनी विचारलं.

"ते बोलायला लागणार होतं ना," सुधाकरराव पुटपुटले.

बाईंना राग यायला हवा होता. पण त्यांना इतका आनंद झाला होता की रागाला जागाच उरली नव्हती. त्यांनी चीजला "कापू का?" असं रीतसर विचारलं, ते "कापा" म्हणालं, आणि त्यांनी एक चांगला जाड तुकडा बशीत घालून नवऱ्यापुढे ठेवला. सुधाकररावांनी इकडेतिकडे पाहिलं. पळायला वाट नव्हती. त्यांनी तो सगळ्यांसमोर खाल्ला, सावकाश, शेवटच्या कणापर्यंत.

"गेल्या वर्षीपेक्षा चांगलं झालंय," ते म्हणाले.

अत्तारबाईंनी पेन वर धरून विचारलं, हे नोंदवायचं का.

"नोंदवा," हेमलताबाई म्हणाल्या. "खाली त्यांची सही घ्या, आणि एक नक्कल मला द्या."