काळ्या चौकटीतला तोदोर

तोदोरने इमारतीच्या दारावर कागद चिकटवला आणि सुटकेचा निःश्वास टाकला. 'तोदोर परगावी गेला आहे. शनिवारी कोणी येऊ नये.' शनिवारी संत तोदोरचा दिवस. डॅन्यूबकाठच्या आमच्या रूसे शहरात आपल्या नावाच्या संताच्या दिवशी कोणी कोणाला बोलावत नाही. ज्याचं नाव त्याने टेबल मांडून बसायचं, लोक आपणहून येतात. गेल्या वर्षी तोदोर असाच बसला होता आणि चिटपाखरूही फिरकलं नाही. लोक आपल्यासाठी नव्हे, स्तांकाच्या भरल्या मिरच्यांसाठी येत होते, असं त्याने मनाशी ठरवून टाकलं. स्तांका म्हणजे त्याची बायको. ती गेली, मिरच्याही गेल्या. पुन्हा रिकाम्या टेबलाशी बसणं त्याच्या जिवावर आलं होतं.

नवा कागद कशाला, म्हणून त्याने स्तांकाला जाऊन वर्ष झालं तेव्हा दारोदार लावलेल्या श्रद्धांजलीच्या पत्रकांतलं उरलेलं एक काढलं आणि पाठीवर लिहिलं. कागद पातळ, त्यामुळे छापलेली काळी चौकट या बाजूला उमटली. दारावर काळ्या चौकटीत नाव दिसलं की आमच्याकडे माणूस गेला असंच समजतात, पुढचं कोण वाचतो?

तळमजल्यावरच्या इस्क्राबाईंनी तर मुळीच वाचलं नाही, कारण चष्मा घरात राहिला होता. त्यांनी वर जाऊन घंटा वाजवली. तोदोर 'परगावी' असल्यामुळे आत गप्प बसला. बाईंनी डोळे पुसले आणि फोन उचलला.

शनिवारी सकाळी जिन्यात बोलणी ऐकू आली. तोदोरने दाराला कान लावला. हे तर त्याच्याबरोबर डॅन्यूबवर तीस वर्षं मालाच्या बोटी हाकलेले तिघे! पलीकडच्या काठावरचा रोमानियन तुदोर, इझमाइलचा युक्रेनी फेदिर आणि थेस्सालोनिकीचा ग्रीक थोदोरिस. चौघांचा संत एक, नावही एकच. फक्त आपापल्या आईच्या तोंडून आलेलं.

"थडग्याच्या क्रुसावर थेओदोरोस लिहा," थोदोरिस म्हणाला. "देवाची देणगी! नाव मुळात आमचं. तुम्ही नेलंत आणि धुऊन धुऊन आटवलंत."

"आटलं म्हणूनच अंगात नीट बसतं," तुदोर म्हणाला. "तीस वर्षं मी तुदोर म्हणून हाक मारली आणि तो ओ द्यायचा."

"धुक्यात मी पाण्यात पडलो, तेव्हा 'फेदिर' ओरडत यानेच दोर फेकला होता," फेदिरचा आवाज भरून आला. "मीही त्याला फेदिरच म्हणायचो. तेच लिहायचं."

"अहो, दारावरच्या पाटीवर तोदोर आहे ना!" इस्क्राबाई कळवळल्या.

तोदोर दाराआड ऐकत होता. शेकडो वर्षांपूर्वी कुठल्याशा ग्रीक आईने उपकार मानून पोराला ठेवलेलं नाव. ते समुद्र ओलांडून, नदी चढून किती काठांवर गेलं, किती जिभांनी ते आपल्या सोयीने वळवलं, आणि आज ते सगळं त्याच्या तिसऱ्या मजल्यावर त्याच्यासाठी रडत उभं होतं. आपण एवढ्या मोठ्या नावाचे मालक, या विचाराने तो पार दबून गेला. त्याने दार उघडलं.

"काहीच लिहू नका," तो म्हणाला. "मी आहे अजून."

इस्क्राबाईंच्या एका हातात फुलं होती, दुसऱ्या हातातला मेलेल्याच्या नावाने वाटायच्या उकडलेल्या गव्हाचा वाडगा पडला. फेदिरने छातीवर क्रुसाची खूण केली. तुदोरने आधी मिठी मारली, मग फुलांच्या जुडीनेच त्याला बडवलं. "गाढवा! नदीवरचा पूल संपेपर्यंत रडत आलोय मी!"

"मग गेल्या वर्षी का नाही आलात?"

"दुखवट्याचं वर्ष होतं रे! त्या घरात सण करायला कोण येईल? तू टेबल मांडून बसशील हे आम्हाला काय ठाऊक?"

तोदोरने बाजूला होऊन सगळ्यांना आत घेतलं. इस्क्राबाईंना मात्र भलतीच काळजी पडली. "फुलं सहा-सहा आहेत हो! सम फुलं मेलेल्यांची. जित्या माणसाला कशी द्यायची?"

तोदोरने चारही जुड्यांतून एकेक फूल काढलं. पाच-पाच फुलं टेबलावर गेली.

"स्तांका तुला काय म्हणायची रे?" थोदोरिसने विचारलं.

"तोशो," तो म्हणाला. हे नाव त्या घरात दीड वर्षात कोणी उच्चारलं नव्हतं.

हातात चार फुलं उरली होती. ती त्याने तिच्या फोटोपुढे ठेवली.

"मिरच्या नाहीत गं," तो हळूच म्हणाला, "तरी आलेत."