परक्या सूर्याचा ग्रह सांपडतां सांपडतां वेध लागले, त्याची हकीकत

श्रीभास्कर समर्थ. आधीं वंदन त्या काळोखास, ज्याच्या पदरीं तारे नांदतात. मग वंदन वाचणारांस, ज्यांस हें वाचून कांहीं लाभ होणार नाहीं. शके एकोणीसशें एकेचाळीस, विकारी नाम संवत्सरीं एका राज्यांत वर्तमान घडलें तें ऐसें जे, तेथें सरकारी वेधशाळा होती आणि तिचे मुख्य विसाजीपंत म्हणून थोर गणिती होते, आणि त्यांनीं सारा जन्म एका ताऱ्यावर वेंचिला होता. आपल्या सूर्याभोंवतीं ग्रह फिरतात तैसे परक्या सूर्यांभोंवतींही फिरतात, ऐसा त्यांचा निश्चय. परंतु मशालीपाशींचें चिलट दुरून दिसत नाहीं, तैसा ग्रह ताऱ्याच्या तेजांत बुडून जातो. मग युक्ति ही, कीं ग्रह ताऱ्यापुढून आडवा गेला म्हणजे उजेड किंचित् घटतो, शंभर पणत्यांत एक विझावी इतका, तो दुर्बिणीनें मोजावा. एकदां घटला तर लोक ताऱ्यावरचा डाग म्हणतात, दोनदां घटला तर योगायोग म्हणतात, आणि तितक्याच अंतरानें तिसऱ्यांदा घटला तरच ग्रह मानावा, ऐसा विद्वानांचा दंडक. पंत तरुण असतां एकदां घटला, मग एका तपानें पुन्हा घटला, आणि आतां दुसरें तप भरत आलें आणि पंतांचे डोळ्यांत मोतीबिंदू उतरला.

महाराजांनीं पुसिलें, “पंत, सांपडला तर तेथें जातां येईल?” पंत बोलिले, “नाहीं महाराज. कोणालाच नाहीं.” “मग फळ काय?” “लेकरें आपल्याच सूर्याला झालीं नाहींत, इतकें कळेल. मरतांना एकटें वाटणार नाहीं.” महाराज म्हणाले, “तिथी सांगा.” पंतांनीं पौष वद्य द्वादशी सांगितली, आणि तेथेंच घात जाहला.

कारण राजज्योतिषी भिकंभट पुढें सरसावले आणि म्हणाले, “तेजापुढें ग्रह आडवा येतो, तेज झांकतें, म्हणजे हें ग्रहणच कीं! वेध लागले. वेधशाळेस कुलूप घाला.” पंत कळवळून बोलिले, “अहो शास्त्रीबोवा, वेध लागले म्हणूनच तर वेध घ्यावयाचा!” भट म्हणाले, “शब्दांचे खेळ पुरे. ग्रहण पाहिलें तर राज्यास बाधा.” महाराजांनीं बाधेस भिऊन आज्ञा केली आणि कुलूप पडलें. मग द्वादशीस सारें नगर नदीवर लोटलें, आणि गल्लोगल्लीं “दे दान, सुटे गिराण” ऐसा पुकारा जाहला, आणि पंत वेधशाळेच्या पायरीवर बसून नुसत्या डोळ्यांनीं वर पाहत राहिले. त्या डोळ्यांस तारा तो कोठला, धुकेंच दिसलें. मोक्ष जाहल्यावर कुलूप उघडिलें, तों तारा जैसाचा तैसा लखलखीत.

पुढें विद्वानांची सभा बसली आणि तिनें तिसऱ्या वेळेचा पुरावा मागितला. तो नव्हता. सबब ग्रह नामंजूर जाहला, आणि भिकंभटांस ग्रहण निर्विघ्न सुटलें म्हणून शालजोडी मिळाली. पंत आणखी एक तप जगले नाहींत. जातांना म्हणाले, “अरे, तो येऊन गेला रे!” आणि उशाशीं बसलेल्यांस वाटलें, म्हातारा भ्रमला.

तात्पर्य, ज्या ग्रहाकरितां सारें राज्य थंडींत न्हालें, तो ग्रह त्या राज्याच्या दफ्तरीं नाहीं. घडलें तें इतकें. त्या रात्रीं आभाळ निरभ्र होतें.